डुकराचा विटाळ फिटला, माणसाचा नाही

आमच्या सूतगिरणीत वाइंडिंग खात्याला जपानी ऑटोकोनर आहेत. धागा तुटला की मशीन स्वतः शोधतं, स्वतः जोडतं. जोड कुठं पडला ते बोटाला लागत नाही. रात्रपाळीला त्या मशीनपुढं उभं राहून माझ्या डोक्यात कितीदा येऊन गेलं की हे बनवणारे लोक जेवतात तरी काय. प्रश्न साधा होता. त्याच्या मागं लागून मी जिथं पोचलो ते साधं नाही.

मी शिकलेला माणूस नाही. दहावीला शाळा सुटली. कविता करतो, त्या ह्याच पानांवर आल्या आहेत. इतिहास वाचला तो नगर वाचनालयात आणि फोनवर, पाळी सांभाळून, तुकड्या तुकड्यानं. विद्वानांनी चुका जरूर काढाव्यात. फक्त वाचून काढाव्यात.

आधी घडलं ते सांगतो. एका रविवारी आईनं डुकराचं मटण केलं होतं. उरलेलं मी सोमवारी डब्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि एकानं वास ओळखला. दोन मिनिटांत टेबल मोकळं. पाटील-देशमुख उठले त्याचं मला काही नवल नाही, त्यांच्या बापांनीही उठायचंच काम केलं. पण उठणाऱ्यांत एक आपलाच होता. खिशाला निळा बिल्ला लावणारा. जाताना हळूच म्हणला, "भावा, आपल्या बापजाद्यांनी हे सोडलं. तू कशाला परत धरतो?"

त्याला तिथं उत्तर देता आलं नाही. आता देतो. पण आपल्या गावातून नाही, जपानातून देतो. कारण तिथं हा सगळा खेळ एकदा शेवटपर्यंत खेळून झाला आहे.

जपानात एक पदार्थ आहे, तोन्कात्सु. डुकराच्या पाठीचा जाड काप घ्यायचा, अंगठ्याएवढा. मीठ-मिरपूड लावायची. मैद्यात लोळवायचा, अंड्यात बुडवायचा, पावाच्या भरड चुऱ्यात घोळायचा आणि भरपूर तेलात तळायचा. तळला की सुरीनं बोटभर पट्ट्या करून द्यायचा, कारण खाणाऱ्याच्या हातात काड्या असतात, सुरी नसते. शेजारी कच्च्या कोबीचा डोंगर, वर आंबटगोड काळपट सॉस, भात आणि मिसोचं सूप. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी खातात, कारण त्यांच्या भाषेत 'कात्सु' म्हणजे जिंकणं. आपल्याकडं दही-साखर हातावर देतात तसंच.

शब्दाची गंमत बघा. 'तोन' म्हणजे डुक्कर. 'कात्सु' म्हणजे 'कात्सुरेत्सु', आणि कात्सुरेत्सु म्हणजे आपलं कटलेट. इंग्रजांनी त्यांनाही दिलं, आपल्यालाही दिलं. इराण्याच्या हॉटेलात आपण मागतो तेच. आणि तो पावाचा चुरा? त्याला ते 'पांको' म्हणतात. त्यातला 'पान' पोर्तुगीजांचा. आपला 'पाव' पण त्याच पोर्तुगीज शब्दाचा. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. सेंट झेवियर गोव्यातून निघून १५४९ ला तिथं कागोशिमाला उतरला. म्हणजे गोव्यातला पाव आणि जपानातला पान एकाच जहाजी लोकांचे. शब्द बिनबोभाट समुद्र ओलांडतात. विटाळ फक्त माणसाला.

आता मुद्द्यावर येतो. हा पदार्थ आज जपानी माणसाचा घरचा आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी त्याच देशात चारपायी जनावराचं मांस उघड खाणं म्हणजे ओंगळ काम होतं. इसवी सन ६७५ मध्ये तेम्मू नावाच्या सम्राटानं फर्मान काढलं : गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायची नाही. तेही वर्षातले ठराविक महिने. हरीण आणि रानडुक्कर त्यात नव्हतं. पण एकदा दोर पडला की गाठी वाढत जातात. बौद्ध धर्मातली प्राणिहत्येची मनाई आणि शिंतोतली 'केगारे' ही कल्पना एकत्र आली. केगारे म्हणजे विटाळच, दुसरा शब्द शोधायची गरज नाही. मरण, रक्त, कातडं यांचा विटाळ.

मग मोठे लोक खात नव्हते का? खात होते! औषध म्हणून खात होते. त्याला 'औषधखाणं' असंच नाव होतं. रानडुकराला म्हणायचे 'डोंगरातला देवमासा', कारण मासा चालतो. घोड्याच्या मांसाला चेरीचं फूल म्हणायचे. हिकोने संस्थानातून शोगुनला गाईचं मांस मिसोत मुरवून नजराणा जायचं, औषध म्हणूनच. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु याला डुक्कर एवढं आवडायचं की लोकांनी त्याला डुकरावरूनच टोपणनाव पाडलं होतं. राजाचं डुक्कर टोपणनावावर भागतं. गरिबाचं डुक्कर त्याच्या सात पिढ्यांना चिकटतं.

कारण मेलेलं ढोर ओढायला, सोलायला, कातडं कमवायला कुणीतरी लागतोच. सामुराईच्या चिलखताला कातडं लागतं, खोगिराला लागतं, देवळातल्या ढोलाला लागतं. ते काम करणाऱ्यांना नाव दिलं 'एता'. लिहिताना त्याची जी अक्षरं वापरत त्यांचा अर्थ 'पुष्कळ घाण'. दुसऱ्या एका गटाला म्हणायचे 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेला. वेगळी वस्ती, लग्नं आपसात, गावच्या विहिरी-देवळांपासून लांब. आणि ऐका, दोस्तांनो : ठरलेल्या हद्दीत मेलेलं ढोर फुकट उचलायचा हक्क त्यांच्याकडं पिढीजात होता. शेतकऱ्याची गाय मेली की ती त्याची राहत नाही, एताची होते. वाचताना मला आजोबा आठवले. आपण त्याला वतन म्हणायचो.

त्यांचं कातडं मात्र विटाळत नव्हतं. ओसाकाजवळच्या वातानाबे वस्तीत ढोल बनायचे, ते देवळादेवळांत वाजायचे. ढोल आत, ढोलवाला बाहेर. हे मी जपानचं सांगतोय, आपल्या हलगीचं नाही.

मग १८६८ मध्ये मेईजी राजवट आली. गोऱ्यांच्या तोफा बघून राज्यकर्त्यांना वाटलं की ह्यांच्यासारखं व्हायला ह्यांच्यासारखं खाल्लं पाहिजे. फुकुझावा युकिची हा तेव्हाचा मोठा विचारवंत. त्यानं १८७० मध्ये मांसाहाराची बाजू मांडणारं लिहिलं. १८७१ ला सरकारनं दोन हुकूम काढले. वसंतात पहिला : मेलेलं ढोर मालकानं हवं तसं विकावं. म्हणजे एतांचा हक्क गेला. पुढं काही महिन्यांत दुसरा : एता-हिनिन ही नावं रद्द, सगळे सारखे. म्हणजे माणूस म्हणून बरोबरी कागदावर दिली आणि पोटाचा धंदा त्याच्या आधीच काढून घेतला. जमीन दिली नाही, पैसा दिला नाही. आणि १८७२ च्या जानेवारीत सम्राटानं गाईचं मांस खाल्ल्याचं जाहीर झालं. बाराशे वर्षांचा विटाळ एका घासात फिटला!

सगळ्यांना पटलं असं नाही. त्याच वर्षी पांढरे कपडे घातलेले दहा तपस्वी सम्राटाच्या वाड्यात घुसले. मांस खाऊन देश बाटला, देवांना राहायला जागा उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. पहारेकऱ्यांनी काहींना जागीच मारलं. बाटल्याची बोंब सगळ्या देशांत सारखीच असते. पण खरा राग कुणावर निघाला बघा. १८७३ मध्ये मिमासाका भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला. सक्तीची लष्करभरती, नवे कर यांच्याविरुद्ध, आणि एतांना बरोबरी दिली त्याच्याही विरुद्ध. 'आता तुम्ही आमच्याशी पूर्वीसारखं वाकून वागणार' असा माफीनामा वस्त्यांकडून मागितला. नाही म्हणणाऱ्यांची अठरा माणसं मारली, शेकडो घरं जाळली. मांस सम्राटानं खाल्लं होतं. मार कुणी खाल्ला?

आता थोडं पोषणाचं. डुक्कर ओंगळ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

जपानी शहरांत पांढऱ्याशुभ्र सडलेल्या भाताची मिजास होती. खेड्यातला माणूस बरड धान्य खाऊन धट्टाकट्टा, आणि शहरात येऊन पांढरा भात खाऊ लागला की पाय सुजायचे, मुंग्या यायच्या, हृदय बसायचं. बेरीबेरी. आरमारात तर हाहाकार. १८८२-८३ मध्ये 'र्युजो' नावाच्या लढाऊ जहाजावरच्या ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली, २५ मेले. ताकाकी कानेहिरो नावाचा आरमारी डॉक्टर. त्यानं दुसरं जहाज, 'त्सुकुबा', १८८४ ला जवळजवळ त्याच वाटेनं पाठवलं, पण मांस, पाव, डाळी-बार्ली असं जेवण देऊन. थोडेच आजारी पडले, बेरीबेरीनं मेला कुणी नाही. ताकाकीला वाटलं प्रथिनांची कमी होती. कारण चुकलं होतं, औषध बरोबर होतं. खरं कारण म्हणजे तांदळाच्या कोंड्याबरोबर फेकून दिलेलं बी-१ जीवनसत्त्व. सुझुकी उमेतारो यानं १९१० ला कोंड्यातून ते काढलं. पायदळानं मात्र आरमाराचं ऐकलं नाही, पांढरा भातच धरून बसले. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या लढाईत त्यांचे सुमारे २७ हजार सैनिक नुसत्या बेरीबेरीनं गेले.

आणि हे बी-१ मांसांमध्ये सगळ्यात जास्त कशात आहे? डुकरात. त्याच वजनाच्या गाईच्या मांसापेक्षा आठ-दहा पट. शंभर ग्रॅम तोन्कात्सुत साधारण पाऊण मिलिग्रॅम मिळतं, आणि कष्टाच्या माणसाला दिवसाला लागतं सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम. आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर डॉक्टर मला धरतील : चरबीच्या कडेच्या कापात तळणाचं तेल धरून पस्तीस ग्रॅमपर्यंत चरबी आणि सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. कोबी नुसता शोभेला नाही, तोंडाचा तेलकटपणा तोच मारतो. आठ तास मशीनमागं पळणाऱ्याला हे चालतं. खुर्चीवर बसणाऱ्यानं रोज खाऊ नये.

हा पदार्थ टोकियोच्या गिंझा भागात घडला. 'रेंगातेई' नावाचं हॉटेल, १८९५ ला निघालेलं. आधी तिथं गोऱ्यांच्या पद्धतीनं वासराच्या मांसाचे पातळ काप लोण्यात परतून द्यायचे. जपान्यांना ते जड जायचं. १८९९ मध्ये त्यांनी डुकराचं मांस घेतलं आणि तेम्पुराच्या पद्धतीनं भरपूर तेलात सोडलं. रशियाच्या लढाईत पोरं भरती झाली, स्वयंपाकघरात हात कमी पडले, म्हणून शिजवलेल्या भाज्यांऐवजी कच्चा कोबी चिरून द्यायला लागले, असं सांगतात. डुक्कर गाईपेक्षा स्वस्त, टोकियोच्या आसपास पाळायला सोपं, त्यामुळं ते पसरलं. १९२० च्या आसपास कटलेट, करी-भात आणि बटाट्याचं क्रोकेट हे शहरी माणसाचे तीन लाडके विलायती पदार्थ झाले. १९२९ ला उएनो भागात 'पोंचिकेन' नावाच्या हॉटेलात शिमादा शिंजिरो यानं जाड काप द्यायला सुरुवात केली. आधी तो सम्राटाच्या मुदपाकखान्यात होता. 'तोन्कात्सु' हे नाव तिथून चाललं असं बहुतेक मानतात. दुसरी हॉटेलंही दावा करतात. करू देत.

हे लाडके पदार्थ कुणाच्या तोंडी पडत नव्हते ते पण सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातले लोक. १८९३ पासून मुंबई ते कोबे जहाजं सुरू झाली, आपल्या इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांत कातला जायला लागला. कातायला खेड्यातल्या पोरी आणायच्या, आईबापाच्या हातावर उचल टेकवायची, आणि पोरींना कुंपणातल्या खोल्यांत ठेवायचं. होसोइ वाकिझो नावाचा एक गिरणी कामगार होता. लहानपणापासून गिरणीत, शाळा अर्धवट. त्यानं ह्या पोरींच्या हालांवर पुस्तक लिहिलं, त्यांच्या जेवणाच्या निकृष्टपणासकट. १९२५ च्या जुलैत ते छापून आलं आणि ऑगस्टमध्ये तो मेला. वय २८. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याच्याबद्दल वाचल्यापासून डबा उघडताना मला तो आठवतो.

आता हिशेब करू. गाईचं मांस सम्राटानं शुद्ध करून घेतलं. डुक्कर राष्ट्राचं झालं. सगळा देश खाटकाच्या दुकानापुढं रांगेत उभा राहिला. मग कापणाऱ्याचा विटाळ जायला पाहिजे होता की नाही?

गेला नाही. १८७२ च्या नव्या कुटुंब-नोंदवहीत कित्येक ठिकाणी त्यांच्या नावापुढं 'नवा नागरिक' अशी खूण केली. जुना शब्द खोडला, नवा लिहिला. ती वही लग्न जुळवणारे, नोकरी देणारे चाळत राहिले. ती लोकांना बघायला बंद झाली १९६८ ला! तोवर ते स्वतः उठले होते. ३ मार्च १९२२ ला क्योटोत 'सुइहेइशा' स्थापन झाली, म्हणजे समतळ करणाऱ्यांची संघटना. जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा त्याच वस्तीतल्या देवळातला पोरगा. निशाण काळं, त्यावर रक्ताच्या रंगाचा काट्यांचा मुकुट. आपला महाडचा सत्याग्रह पाच वर्षांनी, मार्च १९२७. दोन्हीकडं मार्च. मला हे उगाचच आवडतं.

१९७५ ला उघडकीस आलं की देशभरच्या ह्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि कंपन्या त्या विकत घेत होत्या. अर्ज आला की पत्ता ताडून बघायचा. २०१६ ला भेदभाव मिटवण्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. मिटला असता तर कशाला करतील? टोकियोत शिबाउराचा मोठा मांसबाजार आहे, कत्तलखाना १९३६ पासूनचा. तिथं लोकांना माहिती द्यायला एक छोटं दालन केलंय. त्यात सुऱ्या, कामाची पद्धत, आणि कामगारांना आलेली निनावी पत्रं मांडली आहेत. शिव्यांची पत्रं. तोन्कात्सु खाणाऱ्या शहरातून आलेली.

आता माझ्या बिल्लेवाल्या भावाचा प्रश्न. बाबासाहेबांनी महाडला सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस. गावानं टाकलेलं, उपकार म्हणून दिलेलं. ते सांगणं स्वाभिमानाचं होतं आणि माझ्या आजोबानं ते पाळलं. मी बाजारातून पैसे मोजून ताजं आणतो, त्यात कुणाचा उपकार आहे? आणि १९४८ च्या पुस्तकात त्यांनीच तर दाखवलं की गाईच्या मांसावरून माणसांना अस्पृश्य ठरवणं ही नंतरची करणी आहे. आपण ढोर सोडलं, तरी गावानं आपल्याला विहिरीवर घेतलं का? जपानानं मांस धरलं, तरी वस्तीला जवळ केलं का? एकानं सोडून बघितलं, एकानं धरून बघितलं. आणि आपल्यातच वडार-कैकाड्याला 'डुकरं राखणारे' म्हणून नाक मुरडणारे मी घरात बघितलेत. माझी आत्या त्यातली एक.

एक गोष्ट मात्र मला जड गेली आणि ती लपवत नाही. हा सगळा विटाळ बौद्ध देशात घडला. मी बौद्ध घरातला. वाचताना मान खाली गेली. तिथल्या कित्येक भिक्षूंनी ह्या लोकांच्या मरणोत्तर नावांत जनावर, कातडं, नीच अशा अर्थाची अक्षरं घातली, थडग्याच्या दगडावर कोरली. १९७९ ला एका मोठ्या पंथाचा प्रमुख जागतिक परिषदेत म्हणाला की जपानात असा भेदभावच नाही. पुढं पंथाला चूक कबूल करावी लागली, दगड शोधावे लागले. धम्म घेतला म्हणून आपोआप कुणी समतळ होत नाही, हे निदान आपण तरी डोळे उघडे ठेवून वाचावं.

पण मग मी मूळ गोष्ट काढून वाचली. देवदत्तानं बुद्धाकडं मागणी केली होती की भिक्षूंना मासे-मांस कायमचं बंद करा. बुद्धानं नाही म्हटलं. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तसा संशय नाही, तर चालेल. आणि शेवटचं जेवण? पावा गावात चुंद लोहाराच्या घरी. ताटात होतं 'सूकरमद्दव'. कुणी म्हणतं कोवळं डुकराचं मांस, कुणी म्हणतं डुकरांना आवडणारी अळंबी. पंडित अजून भांडतायत. मला त्यातलं पुढचं जास्त वाटतं. बुद्ध आजारी पडला, आता जाणार हे कळलं, आणि त्यानं आनंदला सांगून ठेवलं की चुंदाला कुणी दोष देऊ देऊ नका. त्याचं अन्न ज्ञानप्राप्तीच्या आधी मिळालेल्या अन्नाच्या बरोबरीचं आहे असं त्याला जाऊन सांगा. मरताना त्याला वाढणाऱ्याची काळजी होती.

हे मी बिल्लेवाल्याला अजून सांगितलेलं नाही. हा अंक निघाला की त्याच्या हातात देईन. आईला मात्र पावाच्या चुऱ्याची ती पद्धत सांगितली. ती म्हणाली, एवढं तेल कशाला रे. मग शिळे पाव किसायला बसली. उद्या दुसरी पाळी आहे, डबा मोठा नेणार आहे.